घरच्या सुया

१२ नोव्हेंबर, मंगळवार

बीपीच्या डॉक्टरांनी सांगितलं, राग आतल्या आत दाबू नका. बाहेर काढावा तर घरचे म्हणतात, शरयू, हळू बोल. मग आता कागदावर काढते. माझ्या कल्याणीच्या बियाणे कंपनीनं वाटलेली डायरी वर्ष संपत आलं तरी कोरीच पडली होती. आजपासून ही माझी.

परवा रविवारी अंबडचे लोक कल्याणीला बघून गेले. मुलगा निखिल, पुण्यात इंजिनिअर, शांत आहे. वडील नाहीत. आई वंदनाताई. घरची मोसंबीची बाग. सगळं बराबर चाललं होतं. पोहे झाले, चहा आला. तेवढ्यात वंदनाताईंनी कपाखाली बशी धरत विचारलं, "उन्हात फार फिरावं लागतं का हो हिला?"

माझ्या अंगात सळक गेली. कल्याणी सरळ सांगत बसली, "हो काकू, माझं काम प्लॉटवरच असतं. मिरची-टोमॅटोचं क्रॉसिंग, म्हणजे हातानं परागीकरण, असलं की दिवसभर शेडनेटमध्ये." मुलीला काय बोलावं तेही कळत नाही. त्या बाईला ऊन नव्हतं विचारायचं. चेहरा विचारायचा होता. अकरावीत मुरुमं आली, ती दोन्ही गालांवर खड्डे पाडून गेली. तेव्हापासून मी प्रत्येक फोटोत हिला उजवी बाजू पुढे करायला सांगते, आणि ही फोटोतच येत नाही.

भालचंद्रांना म्हटलं, "ऐकलंत ना काय बोलली ती?" हे म्हणाले, "सहज विचारलं असंल. तू कशाला मनाला लावून घेऊन राह्यलीस?"

बँकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला बाईचं बोलणं काय कळणार? माझ्या कातडीवर पन्नाशी उलटली तरी एक डाग नाही. लोक अजून विचारतात, काय लावता? मला कळतं कोण काय बघतं ते.

होकार आला. वसंत पंचमीला साखरपुडा. त्याच्या आत मी हा चेहरा सरळ करणार.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

नवीन जालन्यात स्टेशन रोडला औषधांच्या दुकानाच्या वर डॉ. अर्पिता म्हणून नवी त्वचेची डॉक्टर आली आहे. वय असेल कल्याणीपेक्षा चारपाच वर्षांनी जास्त. बाहेर बाकांवर जागा नव्हती, एवढी गर्दी.

तिनं भिंग लावून दोन्ही गाल बघितले. म्हणाली, खड्ड्यांसाठी मायक्रोनीडलिंग करता येईल. पेनासारखं यंत्र असतं, त्याच्या टोकाला बारीक सुया. त्वचेला मुद्दाम बारीक छिद्रं पाडायची. ती भरताना त्वचा आतून नवी बनते आणि खड्डे उथळ होतात.

"पूर्ण जातील ना?" मी विचारलं.

"पूर्ण नाही. कमी होतील. चारसहा वेळा करावं लागेल आणि दोन वेळांच्या मध्ये निदान महिनाभर थांबायचं. आधी हनुवटीवरची ही ताजी मुरुमं वाळू द्या. ताज्या मुरुमांवर सुया फिरवल्या तर जंतू सगळीकडे पसरतात."

म्हटलं, "वसंत पंचमीला साखरपुडा आहे हो आमच्याकडे."

ती हसली. "त्वचेला पंचांग कळत नाही, काकू."

काकू! आणि वर हसणं. मग माझ्याकडे पाठ करून कल्याणीला विचारते, "तुम्हाला स्वतःला करायचंय का हे?" कल्याणीनं माझ्याकडे बघितलं. मीच म्हटलं, "करायचंय. म्हणून तर आलो." तरी डॉक्टरीण कल्याणीच्याच उत्तराची वाट बघत थांबली. शेवटी ही म्हणाली, "करून बघू."

आईनं आणलेल्या मुलीला आईसमोर असं विचारायचं असतं का? मला अजिबात आवडली नाही. पण दुसरी डॉक्टर गाठायला संभाजीनगरला जावं लागेल.

३० नोव्हेंबर, शनिवार

पहिली खेप झाली. मला आत बसायचं होतं. "काकू, तुम्ही बाहेर थांबा, त्यांना मोकळं वाटू दे." कुणापासून मोकळं? मी दारातच उभी राहिले. आधी बधिर करायचं मलम लावून ठेवलं. मग सुयांचं नवं पाकीट आमच्यासमोर फोडलं, पेनाला लावलं आणि कपाळ, गाल करत हळूहळू फिरवलं. कल्याणी आतून काहीतरी बोलली, दोघी हसल्या. माझ्यासोबत ही कधी हसली तेच आठवेना.

चेहरा लालबुंद झाला होता, दिवसभर उन्हात राहिल्यासारखा. डॉक्टरीण म्हणाली, दोन दिवसांत उतरेल. मेकअप नाही, ऊन नाही, घरगुती लेप तर बिलकुल नाहीत. शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून.

६ डिसेंबर, शुक्रवार

लाली उतरली. आणि काय फरक? काही नाही. कल्याणी आरशासमोर गालावरून बोट फिरवत म्हणाली, "आई, इथं जरा मऊ लागतंय." मला काही मऊ लागलं नाही. मी खिडकीशी उभं करून बघितलं, खड्डे होते तिथेच आहेत. "थांब ना," म्हणाली, "एका खेपेत थोडंच होतं? बियाणं पेरल्याच्या दुसऱ्या दिवशी आपण उकरून बघतो का?" कंपनीत बियाणं, घरी बियाणं.

पुढची खेप जानेवारीत. जानेवारीत! आणि मग लगेच वसंत पंचमी दारात. मला तर वाटतं, जितक्या खेपा लांबवाल तितकी डॉक्टरांची दुकानदारी. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात माझ्या खिडकीशी रोज अशी माणसं येतात, उद्या या, परवा या ऐकून रडकुंडीला आलेली. मी कुणाला उद्या या म्हणत नाही.

मोबाइलवर बघितलं. तेच काम घरी करायला सुयांचा रोलर मिळतो, छोट्या चाकासारखा. बायका स्वतःच्या हातानं फिरवून व्हिडिओ काढतात आणि आधीचे-नंतरचे फोटो टाकतात. मागवला.

१३ डिसेंबर, शुक्रवार

रोलर आला. आधी माझ्या कपाळावर फिरवून बघितला. टोचतं, पण सोसवतं. गरम पाण्यातून काढला.

कल्याणी प्लॉटवरून आली तेव्हा सगळं मांडून ठेवलं होतं. बघितल्याबरोबर म्हणाली, "आई, डॉक्टर नको म्हणल्यात. आणि हे बघ, हनुवटीवर पुन्हा आलेत."

"किरकोळ आहेत. व्हिडिओतल्या बाईलाही होते."

"आई, नको ना."

"मी काय तुझी वैरीण आहे?"

हे वाक्य मी काही रोज बोलत नाही. ती पलंगावर आडवी झाली. यांनी बाहेर टीव्हीचा आवाज वाढवला.

हलकंच फिरवलं. उभं, आडवं, तिरकं. खड्ड्यांच्या जागी जरा दाबून, कारण काम तिथंच करायचं होतं. रक्ताचे बारीक ठिपके आले, ते व्हिडिओतही येतात. बेसनात लिंबू पिळून लेप लावला, त्यानं डाग जातात हे माझ्या आईच्या वेळपासूनचं. कल्याणीनं उशीचं टोक मुठीत धरलं होतं, पण तोंडातून आवाज काढला नाही. लेप धुतल्यावर म्हटलं, "बघ, झालं ना? उगीच घाबरत होतीस."

ती भिंतीकडे वळली. जेवलीही नाही. प्लॉटवर दिवसभर उभं राहून दमते.

१६ डिसेंबर, सोमवार

देवा. काय झालंय हे. शनिवारी नुसती लाली होती. काल सूज. आज गालांवर पिवळ्या टोकांचे फोड, रांगेनं. डोळा उघडत नाही. ताप आहे. ही कंपनीत जायला निघाली होती, मी अडवलं.

त्या डॉक्टरणीनं काय घाण सुया वापरल्या असतील! नवं पाकीट म्हणे. आम्हाला काय माहीत आत काय होतं! पंधरा दिवसांनी विष वर आलं.

तो रोलर वर्तमानपत्रात गुंडाळून सकाळी घंटागाडीत टाकला. घरात उगीच पसारा नको.

१७ डिसेंबर, मंगळवार

दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण बघून चरकली. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, चरकली. फोडातला पू तपासायला घेतला, गोळ्या लिहिल्या, मग विचारलं, "घरी काही केलं होतं का? रोलर, लेप, काहीही? मी रागावणार नाही, पण मला कळलं पाहिजे."

"बिलकुल नाही," मी म्हटलं.

"या जखमा रेषेत आहेत, काकू. माझ्या पेनानं अशा रेषा पडत नाहीत." मग कल्याणीकडे वळली. "कल्याणी?"

कल्याणी खाली बघत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "नाही," ती म्हणाली. चला, वेळेला मुलगी आईच्या बाजूनं उभी तर राहिली.

मग माझा तोल सुटला. बाहेर बाकांवर पंधरावीस माणसं होती, त्यांच्यासमोर मी बोलले. माझ्या लेकीचं लग्न ठरलेलं, हिनं तिचा चेहरा जाळला, आता मलाच विचारते घरी काय केलं! बघा, माझ्या मुलीकडे बघा आणि मग आत जा! कल्याणीच्या तोंडावरची ओढणी मी स्वतः बाजूला केली, लोकांना दिसावं म्हणून. एक बाई मुलाला घेऊन उठली, तिच्यामागं दुसरी. डॉक्टरीण दारात उभी होती. तोंडातून एक शब्द नाही. खरी असती तर बोलली नसती का?

२० डिसेंबर, शुक्रवार

महिला मंडळाच्या ग्रुपवर सगळं लिहिलं, दवाखान्याच्या नावासकट. कुठून कुठे गेलं. माझे दीर काकासाहेब फोनवर म्हणाले, "वहिनी, तुम्ही फक्त सांगा. पोरं घेऊन जातो." मी काही सांगितलं नाही. फक्त नकोही म्हटलं नाही. काल ते जाऊन आले. पाटीची काच फुटली म्हणतात. आपोआप फुटली असेल, गर्दीत होतं असं.

आणि ती डॉक्टरीण कल्याणीला रोज सकाळी मेसेज करते. ताप आहे का, गोळी घेतली का, फोटो पाठवा. भीती वाटत असणार कोर्टाची. मी म्हटलं, "उत्तर देऊ नकोस." कल्याणी देते.

यांना विचारलं, "तुम्ही काहीच कसे बोलत नाही?" हे म्हणाले, "काय बोलू? तुला म्हाईत हाय काय झालं ते." आणि पेपर उघडला. मला काय माहीत? मला माहीत असतं तर मी अशी जळले असते का?

३० डिसेंबर, सोमवार

फोड सुकले. खाली काळे डाग राहिले आहेत, दोन्ही गालांवर रेषारेषांचे. आधीचे खड्डे बरे म्हणायची वेळ आली. डॉक्टरीण म्हणते डाग फिके होतील, सहा महिने, कदाचित वर्ष.

कल्याणी तोंडाला ओढणी बांधून कामाला जाते. घरी आली की खोलीची कडी लावते. या घरात आजवर आतली कडी कुणी लावली नाही. मी दार वाजवलं, "मलम मी लावते, तुला नीट दिसत नाही." आतून म्हणाली, "दिसतंय मला."

मी हिच्यासाठी शहरभर भांडतेय, आणि ही मलाच परकी करते. राग येतो, असा राग येतो की बांगड्या फोडाव्याशा वाटतात.

५ जानेवारी, रविवार

 आज झालं ते सगळं लिहिते.

वंदनाताई आणि निखिल आले होते. न कळवता. अंबडपर्यंत बातमी गेलीच होती. मला वाटलं, मोडायला आले. म्हणून मी आधीच सुरू केलं, डॉक्टरणीनं कसं फसवलं, कशा घाण सुया, कसा निष्काळजीपणा. वंदनाताई ऐकत होत्या. म्हणाल्या, "पण ताई, एवढं करायचं कारणच काय पडलं? चांगली तर हाय पोरगी."

मी म्हटलं, "तुम्हीच तर सुचवलंत. उन्हात फार फिरते का म्हणून."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "अगं बाई! मी? अहो, निखिलचे वडील गेल्यापासून आमच्या बागंत घरचं माणूस जात न्हाई. मला ऊन सोसत न्हाई, चक्कर येती. हिला सवय हाय म्हणल्यावर मला किती बरं वाटलं व्हतं. घरी जाताना मी निखिलला तेच म्हणलं. इचार त्याला."

निखिल मान हलवत म्हणाला, "हो. आई गाडीत तेच बोलून राह्यली होती."

 मी म्हटलं, "ते असू द्या. पण त्या डॉक्टरणीनं..."

तेव्हा कल्याणी खोलीतून बाहेर आली. ओढणी नव्हती. सगळ्यांच्या समोर, खिडकीच्या उजेडात उभी राहिली.

"डॉक्टरांनी न्हाई केलं, काकू. त्यांनी केलेलं आठ दिवसांत बरं झाल्तं. आईनं रोलर आणला. मी नको म्हणले, तरी फिरवला. आणि मी पडून राहिले, मंग दवाखान्यात खोटंही बोलले. ते माझं. पण माझ्यामुळं त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आता कुणी जाईना, हे मला सहन होत न्हाई."

"कल्याणी!" मी ओरडले.

"ओरड," ती म्हणाली. "लहानपणापासून ओरडच ऐकलीये. फोटोत इकडं बघ, तिकडं बघ. मला हे खड्डे कधी नडले न्हाईत आई, तुला नडले. तू माझ्याशी बोलताना माझ्या डोळ्यांकडं बघत न्हाईस, गालांकडं बघतीस."

 वंदनाताईंनी पदर तोंडाला लावला. कल्याणी निखिलकडे वळली, "साखरपुडा मला आत्ता नको. डाग जाईपर्यंत म्हणून न्हाई. मला जरा माझं माझं राहायचंय." निखिल म्हणाला, "बरं. फोन केला तर चालेल का?" ती म्हणाली, "चालेल."

एवढंच. माझ्या घरात, माझ्या पाहुण्यांसमोर माझी अब्रू काढली आणि तो म्हणतो फोन केला तर चालेल का.

सगळे गेल्यावर मी यांना म्हटलं, "ऐकलंत तुमच्या मुलीचं?" हे म्हणाले, "ऐकलं. त्या दिवशी टीव्हीचा आवाज वाढवला नसता तर तेव्हाच ऐकू आलं असतं."

८ जानेवारी, बुधवार

कल्याणी वडीगोद्रीला गेली. तिथं कंपनीचे प्लॉट आहेत, शेजारीच राहायला खोल्या. क्रॉसिंग संपेपर्यंत तिथंच राहणार म्हणे. फोन करते तो वडिलांना.

ऑफिसात खिडकीशी एका मुलाला आज एवढी ओरडले की साहेब उठून आले. मुलाचा फॉर्म बरोबर होता.

हलकंच फिरवलं होतं मी.

खड्ड्यांच्या जागी दाबून.

११ जानेवारी, शनिवार

सकाळी हे तिच्याशी फोनवर बोलत होते. मी स्वयंपाकघरातून विचारलं, "माझ्यासाठी काही म्हणाली?" यांनी फोन खिशात ठेवला. मग म्हणाले, "म्हणली, आईला सांगा मी रागावले न्हाई. फक्त तिचा हात समोर आला की तोंड मागं घ्यावं वाटतं. हे कधी जाईल म्हाईत न्हाई."

गॅसवरचं दूध उतू गेलं तरी मी तिथंच उभी.

मग ऑफिसला गेलेच नाही. रिक्षा केली, स्टेशन रोडला उतरले. पाटीच्या जागी नुसती चौकट. वर बाकांवर तीन माणसं. एक म्हातारी, तिची सून आणि हाताला पांढरा डाग असलेला एक माणूस. मी नंबर न लावता आत घुसले. डॉक्टरीण उठून उभी राहिली. मागं सरकली. मला बघून माणूस मागं सरकतो आता.

मी म्हटलं, "माझ्याकडून झालं ते. कल्याणीचा दोष नाही. तुम्ही मनावर घेऊ नका."

मला वाटलं, ती म्हणेल, असू द्या काकू. तसं म्हणतात लोक.

"मला ते त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. आवाज थंड. "तुमच्या मुलीनं खाली बघितलं तेव्हाच. तिच्यासाठी गप्प बसले. घरी तिला तुमच्यासोबत राहायचं होतं. नंतर तुमची माणसं आली. माझी आई त्या दिवशी इथं आली होती, काचा तिच्या पायाशी पडल्या. मनावर घेऊ नका म्हणता?"

"मग काय करू मी?" माझाही आवाज चढला. चढतोच तो.

"त्या दिवशी तुम्ही माझ्याशी एकटीशी नव्हता बोललात, काकू. बाहेर बोलला होतात."

एवढं बोलून ती खुर्चीवर बसली आणि पुढच्या पेशंटचा कागद ओढून घेतला. मला इतका राग आला! माझ्या मुलीच्या वयाची पोर मला शिक्षा सांगते. तशीच जिन्याकडे निघाले. तीन पायऱ्या उतरलेही.

पुन्हा वर आले. का आले ते मला सांगता येणार नाही. रागच होता बहुतेक, पण कुणावर ते कळत नव्हतं.

बाकांसमोर उभी राहिले. त्या दिवशी कसा आवाज लागला होता! आज निघेना. म्हटलं, "माझ्या मुलीचा चेहरा या डॉक्टरांनी नाही बिघडवला. सुया मी फिरवल्या. घरी."

खाली रस्त्यावर ट्रकनं हॉर्न वाजवला. सून आणि तो माणूस एकमेकांकडे बघत राहिले. म्हातारीनं कानामागं हात धरला.

"काय म्हणल्या ओ बाई? ऐकू न्हाई आलं. जरा जोरात सांगा."

मी पुन्हा सांगितलं. जोरात.